पीकविविधता आणि आर्थिक वाढ: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंगळवेढ्याची ज्वारी, सांगोल्याचं डाळिंब, कंदरची केळी आणि तीसहून जास्त साखर कारखाने, हे सगळं एकाच जिल्ह्यात. पीकविविधता शिकायला सोलापूरकराला लांब जावं लागत नाही. तरी या विषयावर गोंधळ मोठा आहे. शेतकरी मेळाव्यात, कृषी पदवीच्या वर्गात आणि स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जे प्रश्न फिरून फिरून येतात, त्यांची उत्तरं खाली दिली आहेत. उसाचं उत्तर लांबलं आहे, त्याला इलाज नव्हता.

आमच्या गावात दहा पिकं आहेत. म्हणजे विविधता चांगली, नाही का?

नुसत्या संख्येवरून सांगता येत नाही. दहापैकी नऊ पिकं बांधाच्या कडेला आणि परसात असतील आणि शिवारभर ऊसच असेल, तर दहा नावांचा उपयोग नाही. म्हणून अर्थशास्त्रात प्रत्येक पिकाखाली क्षेत्राचा किती वाटा आहे ते बघतात. त्यासाठी सिम्पसन निर्देशांक वापरतात. नाव जड आहे, पण हिशेब पाठकोऱ्या कागदावर होतो.

समजा, पाच एकर रान आहे. दोन एकर ज्वारी, एक एकर तूर, एक एकर कांदा, एक एकर ऊस. वाटे झाले ०.४, ०.२, ०.२ आणि ०.२. प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज घ्या: ०.१६ अधिक तीन वेळा ०.०४, म्हणजे ०.२८. ही बेरीज एकातून वजा केली की ०.७२. आता शेजारचं रान बघा. चार एकर ऊस, एक एकर ज्वारी. ०.६४ अधिक ०.०४ म्हणजे ०.६८, आणि एकातून वजा केल्यावर ०.३२. आकडा शून्याकडे झुकला की एकाच पिकाचं राज्य, एकाकडे झुकला की बरीच पिकं बऱ्यापैकी सारख्या वाट्यानं.

दोन गोष्टी या आकड्यात दिसत नाहीत. एक म्हणजे पैसा. एका एकर कांद्यातून वर्षाची निम्मी मिळकत येत असेल, तर क्षेत्र कितीही विभागलेलं असो, ते घर कांद्यावर चाललंय. दुसरी म्हणजे वाण. शंभर शेतकऱ्यांनी एकाच वाणाची रोपं लावली असतील तर कीड-रोगाच्या दृष्टीनं ती एकच बाग आहे. त्याचा फटका सांगोल्यानं खाल्ला आहे, तो पुढे येईल.

ज्या देशात पिकं जास्त, तो देश जास्त वेगानं वाढतो का?

असा सरळ नियम नाही. परीक्षेत ‘होय’ लिहून येणाऱ्यांचे इथेच गुण जातात.

विविधता दोन कारणांनी येते. पहिलं कारण भीती. कोरडवाहू शेतकरी बाजरीत तूर, तुरीत मटकी, कडेला हुलगा आणि अंबाडी असं मिसळून पेरतो, ते पावसाचा भरवसा नसतो म्हणून. जुनी माणसं याला इरवाड म्हणायची. एक गेलं तरी दुसरं पोटाला मिळावं, एवढाच हिशेब. तो शहाणपणाचा आहे, पण फुकट नाही. ज्या तुकड्यात सगळ्यात जास्त पैसा देणारं पीक आलं असतं, तिथेही तो पोटाचंच पीक पेरतो. दरवर्षी थोडं उत्पन्न सोडून तो स्वतःचा विमा भरत असतो. गरीब देशांत अशी विविधता भरपूर सापडते आणि तिच्या बाजूलाच गरिबीही सापडते.

दुसरं कारण संधी. रस्ता झाला, शीतगृह आलं, बाजार समितीत चार व्यापारी जास्त आले, बँकेनं वेळेत कर्ज दिलं. मग शेतकरी पोटापुरती पिकं कमी करून ज्यात हात बसला आहे अशा दोन-तीन पिकांवर जोर देतो. त्याच्या शेतातली विविधता घटते. पण करमाळ्याचा माणूस केळीवर जोर देतो, कासेगावचा द्राक्षावर, बार्शीचा तुरीवर, आणि जिल्ह्याची विविधता वाढते. एकाच वेळी शेत एकसुरी आणि जिल्हा बहुरंगी होऊ शकतो. माझ्या मते विकसनशील देशाला हीच वाट परवडते.

देशाच्या पातळीवर याच्याशी जुळणारं एक निरीक्षण आहे. जाँ इम्ब्स आणि रोमँ वॅझियार्ग या अर्थतज्ज्ञांनी २००३ साली दाखवलं की गरीब देश श्रीमंत होऊ लागला की आधी त्याची अर्थव्यवस्था अनेक क्षेत्रांत पसरते, आणि बऱ्यापैकी श्रीमंत झाल्यावर ती पुन्हा मोजक्या क्षेत्रांत एकवटते. तो अभ्यास सगळ्या उत्पादन क्षेत्रांचा आहे, फक्त पिकांचा नाही. तरी आपल्यासारख्या देशाला त्यातला पहिला अर्धा भाग लागू पडतो.

आणखी एक पेच आहे. विविधतेमुळे वाढ होते, तशी वाढीमुळेही विविधता येते. एर्न्स्ट एंगेल यानं १८५७ मध्ये मांडलेला नियम असा की उत्पन्न वाढलं की खर्चातला अन्नाचा वाटा घटतो. पुढे असंही दिसलं की ताटातलं धान्य कमी होऊन दूध, फळं, भाज्या, अंडी वाढतात. पुण्या-मुंबईच्या पगारदारानं डाळिंब खायला सुरुवात केली नसती तर सांगोल्याच्या माळावर बागा उभ्या राहिल्या नसत्या. तेव्हा कोण कुणामुळे, हे सोडवताना घाई करू नका.

पंजाबनं तर गहू-भातावरच प्रगती केली. मग विविधतेचा आग्रह कशाला?

केली, आणि देशाला जगवलं. १९६०च्या दशकात अमेरिकेहून येणाऱ्या गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसणाऱ्या देशाला त्या धान्यानं उभं केलं. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण पंजाबात १९६०-६१ साली भात सव्वादोन लाख हेक्टरच्या आसपास होता, तो आज ३० लाखांच्या वर आहे. भाताचा प्रदेश नसताना भात वाढला, कारण सरकारी खरेदीची हमी होती आणि पंपाची वीज फुकट होती. भूजल खाली खाली गेलं. सरदारासिंग जोहल समितीनं १९८६ मध्येच सांगितलं होतं की गहू-भाताखालचं निदान २० टक्के क्षेत्र दुसऱ्या पिकांकडे वळवा. ते झालं नाही. हमी एकाच गोष्टीला असेल तर शेतकरी दुसरीकडे का जाईल? हाच प्रश्न आपल्याकडे उसाला लागतो.

सोलापूर जिल्ह्यात खरंच विविधता आहे, की नुसता ऊसच?

दोन्ही आहे, आणि सीमारेषा पाण्याची आहे. जिल्ह्याचा पाऊस सरासरी जेमतेम पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर. त्यातला बराचसा परतीचा, सप्टेंबरात पडणारा. या पावसावर आणि काळ्या रानातल्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहिली. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरला तूर-उडीद, बार्शीला तूर आणि डाळ मिल, पंढरपूरच्या बाजूला द्राक्ष आणि बेदाणा, करमाळा-माढ्याला केळी, सांगोल्याला डाळिंब. जिल्हाभर कांदा, तो सोलापूरच्या मार्केट यार्डात येतो.

मग १९८० साली भीमेवर उजनी धरण पूर्ण झालं आणि नदीकाठ, कालव्याचा पट्टा आणि बॅकवॉटर, तिन्हीकडे ऊस चढला. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे धरणाच्या दारांतून सोडता न येणारं तळाचं पाणी. त्यामुळे पाणी या मृतसाठ्यात उतरून धरण ‘मायनसमध्ये गेलं’ असं आपण म्हणतो तेव्हाही खाली पाणी असतं, आणि बॅकवॉटरच्या मोटारी चालूच असतात. २०२३ चा पाऊस दगा देऊन गेला तेव्हा जानेवारी २०२४ मध्येच धरण मायनसला आलं आणि त्या उन्हाळ्यात उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली उतरलं. तरी पुढच्या हंगामाला उभा ऊस होता. पाण्याजवळचा सोलापूर आणि पाण्यापासून लांबचा सोलापूर हे दोन वेगळे जिल्हे समजून आकडे वाचावेत, नाहीतर सरासरी फसवते.

उसाला एवढं पाणी लागतं, दर मिळायला उशीर होतो, तरी शेतकरी ऊसच का लावतो? त्याला कळत नाही का?

कळतं. चांगलंच कळतं. न कळणारे बहुधा भाषण देणारे असतात.

शेतकऱ्याच्या बाजूनं हिशेब मांडून बघा. उसाला केंद्र सरकार रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी ठरवतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये. महाराष्ट्रात त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते, उतारा कमी-जास्त झाला की रक्कम हलते, हे सगळं खरं. पण लावण करताना माणसाला आकडा माहीत असतो. घेणारा ठरलेला असतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यावर १४ दिवसांत पैसे देणं कारखान्याला बंधनकारक आहे, उशिरावर १५ टक्के व्याज आहे. तो आदेश किती पाळला जातो हे गाळपानंतरच्या आंदोलनांवरून कळतंच. तरी उशिरा का होईना पैसे येतात, आणि उसाच्या नावावर सोसायटी पीककर्ज देते. गारपीट झाली तर ऊस जमीनदोस्त होत नाही. दहा महिने त्याच्याकडे लक्ष कमी दिलं तरी तो उभा राहतो. ज्याची पोरं पुण्याला नोकरीला आहेत आणि घरी म्हातारा-म्हातारीच आहेत, त्याला याहून सोयीचं पीक दाखवा.

आता कांदा घ्या. लाल कांदा डिसेंबर-जानेवारीत एकदम निघतो. मार्केट यार्डात गाड्यांची रांग इतकी लांबते की आवक थांबवून लिलाव उरकावे लागतात. गोण्यांची थप्पी लावायची, एक गोणी फोडून ओतायची, व्यापारी दोन कांदे उचलून दाबून बघणार, आडत्या भाव पुकारणार, आणि दोन मिनिटांत वर्षाचा निकाल. वर हमाली-तोलाई आहेच. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली, ऐन काढणीच्या तोंडावर. ती ४ मे २०२४ ला उठली, तोवर आपला हंगाम संपला होता. कांदा लावणाऱ्यानं यात काय चूक केली होती? पावसाची जोखीम तो घेतोच, त्यावर सरकारी निर्णयाची जोखीमही त्याच्याच डोक्यावर आली.

म्हणून ‘ऊस सोडा’ हे सांगणं निरर्थक आहे. उसाच्या पाठीशी दर, खरेदी आणि कर्ज असं तिहेरी पाठबळ आहे. दुसऱ्या पिकांच्या पाठीशी त्यातलं एखादं असतं, कधी एकही नसतं. खर्चाची बाजू मात्र सगळा जिल्हा उचलतो. कृषी मूल्य आयोगाच्या अहवालांत म्हटल्याप्रमाणे महाराष्ट्रात पिकाखालच्या क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यातला सुमारे ७० टक्के वाटा पितो. कालव्याच्या टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, ज्या गावाला पाणी पोचत नाही, त्याची डाळिंबं आणि भाज्या या ७० टक्क्यांत जातात. ऊस एकट्या शेतकऱ्याला परवडतो आणि जिल्ह्याला महाग पडतो.

ठिबक केलं तर प्रश्न सुटेल?

थोडा. एकरी पाणी वाचतं. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावला तर जिल्ह्याचं पाणी वाचत नाही.

डाळिंब तर उसाला उत्तम पर्याय होता. मग बागा का काढाव्या लागल्या?

होता आणि अजूनही आहे. हलकी, मुरमाड जमीन, थोडं पाणी, आणि आंबे, मृग, हस्त यांपैकी सोयीचा बहार (फुलं-फळं धरण्याचा हंगाम) धरण्याची मुभा. सांगोल्यासारख्या कायम टँकरच्या तालुक्यात या पिकानं बंगले बांधले. २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरजवळ केगावला आलं आणि २०१६ मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं.

घोटाळा झाला तो यशामुळे. भगवा वाण दिसायला लालभडक, टिकायला चांगला, निर्यातीला पसंत, म्हणून जिकडे तिकडे भगवाच लागला. बागेला बाग लागून. रोपं एकमेकांच्या बागेतल्या गुट्यांपासून (झाडावरच मुळं फोडलेल्या फांद्यांपासून) केलेली, म्हणजे रोगही रोपासोबत घरी आला. तेल्या हा जिवाणूजन्य रोग, पावसाळी हवेत पाण्याच्या शिंतोड्यांनी, वाऱ्यानं आणि छाटणीच्या कात्रीनंही पसरतो. फळावर तेलकट काळा डाग, मग चिरा, आणि असं फळ पेटीत कुणी घेत नाही. त्यावर मर रोग आला. मग खोडाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडणारा पिनहोल बोरर आला. बघता बघता उभी झाडं वाळली आणि जेसीबी लावून बागा काढाव्या लागल्या.

जिल्ह्याच्या यादीत डाळिंब हे वेगळं पीक म्हणून विविधता वाढवत होतं, आणि तालुक्याच्या पातळीवर तेच एकपिकी झालं होतं. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचं असंच झालं. बहुतेक गरीब लम्पर नावाच्या एकाच वाणावर जगत होते, करपा आला आणि दहा लाखांच्या आसपास माणसं मेली. सांगोल्यात कुणी उपाशी मेलं नाही, कारण आज रस्ते आहेत, रेशन आहे आणि घरटी एखादी म्हैस आहे. नुकसानीची तऱ्हा मात्र तीच.

ज्वारी परवडत नाही असं सगळे म्हणतात. मग पेरतात कशाला?

कडब्यासाठी. हे न कळल्यामुळे बाहेरून आलेले अभ्यासक ज्वारीचा हिशेब नेहमी चुकवतात. ते क्विंटलचा भाव बघतात आणि तोट्याचं पीक म्हणून मोकळे होतात. इथला शेतकरी कडब्याचा शेकडा काय भावानं चाललाय तेही बघतो. दुष्काळी वर्षी धान्यापेक्षा कडब्याचीच चौकशी जास्त होते. ज्याच्या दावणीला पंढरपुरी म्हैस आहे त्याला कडबा विकत घेणं परवडत नाही, आणि दुधाचा पगार दर दहा दिवसांनी येतो. ज्वारी पिकवायची ती दूध चालू राहावं म्हणूनही.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात उत्तरा-हस्ताच्या पावसावर पेरलेली मालदांडी ज्वारी नंतर पाण्याचा थेंब न घेता जमिनीतल्या ओलीवर येते. जानेवारीत हुरडा, फेब्रुवारी-मार्चात काढणी. मालदांडीचा सुधारित वाण, एम ३५-१, मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात निवड पद्धतीनं तयार झाला आणि अजून लोक तोच मागतात, कारण भाकरी तशी दुसऱ्याची होत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं उघडली ही कथा ज्या गावाची, तिथे धान्य साठवण्याची पेवं होती यात नवल नाही.

अडचण काढणीला आहे. ज्वारी मुळासकट हातानं उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, मग मळणी. हाताची सालटी निघतात. पानांच्या कडांनी दंड कापतात. एवढ्या कामाला आता मजूर मिळत नाही, मिळाला तर उक्तं अंगावर घेतो आणि दर तो सांगेल तो. मालदांडीचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ३,७४९ रुपये आहे, पण उपटण्याचं काम करणारं स्वस्त, साधं यंत्र गावोगाव आलं नाही तर त्यात पाचशे वाढवूनही पेरा वाढणार नाही असं मला वाटतं.

रेशनवर गहू-तांदूळ मिळाल्यामुळे ज्वारी मागे पडली का?

एक कारण ते आहेच. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असे दर होते. जानेवारी २०२३ पासून धान्य मोफत आहे. कायद्यात भरडधान्य आहे, पण दुकानात मुख्यतः गहू-तांदूळच येत राहिले. ज्वारी पिकवणाऱ्या घरातली पोरंसुद्धा चपाती-भातावर वाढली. दुसरीकडे शहरात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पाकिटात घालून विकणाऱ्या बायकांनी ज्वारीला नवं गिऱ्हाईक दिलं. २०२३ या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षातल्या फलकांपेक्षा या बायकांचा उपयोग जास्त झाला असावा.

दोन एकरवाल्यानं पाच पिकं घ्यावीत का?

नको. दोन एकरांत पाच पिकं म्हणजे पाच वेळा फवारणी, पाच वेळा मजूर, पाच वेळा टेम्पो, आणि कुठल्याच मालाची गाडी भरत नाही. व्यापारी बांधावर यायला माल लागतो. त्यानं दोन पिकं आणि एक जनावर धरावं, आणि शेजाऱ्यांशी बोलून एकाच प्रकारचा माल गाडीभर होईल असं बघावं. शेतकरी उत्पादक कंपन्यांचा खरा उपयोग इथे आहे. केवळ अनुदानासाठी काढलेल्या कंपन्या वेगळ्या.

पिकं निवडताना एक गोष्ट तपासा: दोन्ही एकाच कारणानं बुडतात का? द्राक्ष आणि डाळिंब ही नावं दोन, पण अवकाळी पाऊस दोघांनाही झोडपतो. तूर आणि दूध, किंवा ज्वारी आणि कांदा, यांच्या जोखमी बऱ्याच वेगळ्या आहेत. १९७२ सारखा दुष्काळ पडला तर मात्र शेतातली कुठलीच जोडी पुरत नाही. तेव्हा लोकांना रोजगार हमीच्या कामांनी तारलं होतं.

पीकविमा आहे. मग जोखीम विभागायची गरज काय?

विमा चांगला असेल तर शेतकरी धीटपणे चांगल्या पैशाच्या पिकाकडे जातो, हे तत्त्व बरोबर. २०१६ पासूनच्या पंतप्रधान पीक विमा योजनेत शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी व फळपिकांना ५ टक्के. महाराष्ट्रानं २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा दिला आणि २०२५ च्या खरिपापासून तो बंद केला. पण नुकसान बहुधा महसूल मंडळाच्या, म्हणजे काही गावांच्या गटाच्या, सरासरीवर ठरतं. तुमचं शेत बुडालं आणि मंडळ तरलं, तर हातात काही नाही. भाव पडला तर विमा मुळातच लागू नाही. तेव्हा विमा घ्या आणि दुसरं पीकही ठेवा.

शेतातल्या पिकांचा आणि सोलापूर शहराचा काय संबंध?

शहरानं एकपिकी अर्थव्यवस्था शेतकऱ्याच्या आधी भोगली आहे. १८७७ च्या सुमारास जुनी मिल सुरू झाली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू या गिरण्या. भोंग्यावर शहराचं घड्याळ चालायचं. गिरण्या बंद पडल्या तेव्हा कामगाराला दुसरीकडे जायला जागाच नव्हती. यंत्रमागानं, चादर-टॉवेलनं आणि बायकांच्या विडीनं घरं कशीबशी चालवली. पोरं पुण्याला गेली, अजून जातात.

शेतात जितक्या तऱ्हेचा माल, तितक्या तऱ्हेचं काम. ऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च गाळप देतो, आणि तोडणीला टोळ्या बीडकडून येतात. द्राक्षाची छाटणी ऑक्टोबरात, बेदाण्याच्या शेडवर काम फेब्रुवारी ते एप्रिल, तूर निघाली की डाळ मिल चालू, केळीची पॅकिंग आणि शीतगृहं जवळजवळ बारमाही. या कामांचे महिने एकमेकांच्या मागे लागले की मजूर बाईला वर्षभर रोज मिळतो. तो पैसा मंगळवार बाजारात आणि नवी पेठेत फिरतो. शेतीतून वाढ शहरात येते ती अशी, खरेदीच्या पिशवीतून.

बाहेरच्या देशांचं एखादं ठोस उदाहरण?

दोन घ्या, एक बिघडलेलं आणि एक जमलेलं.

झांबियानं अनेक वर्षं मक्याच्या बियाण्या-खतावर अनुदान दिलं आणि मका सरकारनंच विकत घेतला. शिवार मक्यानं भरलं. २०२३-२४ च्या हंगामात दुष्काळ पडला आणि पेरलेल्या सुमारे २२ लाख हेक्टर मक्यापैकी दहा लाख हेक्टरच्या आसपास गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे राष्ट्रीय आपत्ती जाहीर झाली. जलविद्युतही आटली, म्हणजे कारखाने आणि दुकानंही थांबली. आपल्या उसाची गोष्ट वाचतोय असं वाटलं तर चूक नाही.

व्हिएतनामनं १९८६ मध्ये दोई मोई नावाच्या सुधारणा सुरू केल्या. शेतकऱ्याला जमीन कसण्याचा आणि माल विकण्याचा हक्क दिला. तांदूळ आयात करणारा देश १९८९ पर्यंत मोठा निर्यातदार झाला. पोटाची काळजी मिटल्यावर डोंगराळ भागात कॉफी, मिरी, काजू वाढले. कॉफीत आज ब्राझीलनंतर त्यांचाच नंबर. कॉफीचा भाव पडला की तेही पोळतात, जंगलही बरंच तुटलं. पण भात, कॉफी आणि मासळी एकाच वेळी कोसळत नाहीत.

देश पुढे गेला की जीडीपीतला शेतीचा वाटा घटतो. मग पिकांच्या विविधतेवर डोकं कशाला चालवायचं?

वाटा घटतो हे खरं. १९५०-५१ मध्ये भारताच्या उत्पन्नात निम्म्याहून जास्त वाटा शेतीचा होता, आज तो १८ टक्क्यांच्या आसपास आहे. पण काम करणाऱ्यांपैकी ४६ टक्क्यांच्या आसपास माणसं अजून शेतीतच आहेत. शंभरातली शेहेचाळीस माणसं अठरा रुपये वाटून घेतात. त्यांना कारखान्यात आणि दुकानात सामावून घ्यायला वेळ लागेल, आणि तोवर त्यांच्या खिशात पैसा यायचा तर दर एकराचं आणि दर लिटर पाण्याचं मोल वाढावं लागेल. फळं, भाज्या, दूध, डाळी यांत ते वाढतं. आपल्या देशाला डाळ आणि खाद्यतेल आयात करावं लागतं आणि बार्शी-अक्कलकोटला तूर पिकते, एवढी एकच जोडी लक्षात घेतली तरी उत्तर मिळतं. तुरीचा हमीभाव २०२५-२६ साठी ८,००० रुपये क्विंटल आहे. त्या भावानं खात्रीची खरेदी झाली, तर काही ऊसवालेही तुरीकडे बघतील.

आमच्या गावाचा निर्देशांक आम्हाला काढता येईल का?

येईल. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी मोबाइलवर होते आणि नोंद सातबाऱ्यातल्या गाव नमुना बारावर येते. तलाठ्याकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, गावाचा पीकवार गोषवारा मागा आणि वर दिलेला हिशेब लावा. खरीप, रब्बी वेगळे काढा. पाच-सहा वर्षांचे आकडे मिळाले तर कल कळतो.

नोंदींवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. अनेक जण विम्याच्या किंवा खरेदीच्या वेळेपुरतीच नोंद करतात, मिश्रपिकातलं दुसरं पीक लावतच नाहीत, आणि बांधावरची शेवगा-लिंबाची झाडं तर कुणाच्याच खिजगणतीत नसतात. गोषवारा हातात घेऊन एकदा शिवारफेरी मारा. रब्बीची नोंद तपासायची तर डिसेंबर बरा, ज्वारी फुलोऱ्यात असते आणि कुठल्या गटात काय उभं आहे ते रस्त्यावरून दिसतं.